शंकेचं पान

अन्नपूर्णाचा पुडा फळीवरून कधी परत आला नाही. केशोरीच्या आसपासच्या गावांत तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया शेकड्यांनी होत्या, पण असं म्हणायची सोय फक्त तिच्याच बाबतीत होती. पुडा सत्तर पानांचा. पस्तीस पानं एका अंगाला, पस्तीस दुसऱ्या अंगाला आणि मधोमध पळसाच्या मुळीची वाक करकचून बांधलेली. पानं जमा होतात त्या फळीवर ठेकेदाराचा मुन्शी रांगेतून वाटेल तो पुडा उचलायचा, वाक सोडायचा, आणि आत एखादं भोकाचं नाहीतर कोवळं पान निघालं की अख्खा पुडा भिरकावून द्यायचा. मग ती बाई सगळ्यांच्या देखत तो उचलायला वाकायची. अन्नपूर्णाला तसं कधी वाकावं लागलं नव्हतं. पान हातात आलं आणि जराशी शंका आली की ती ते जागीच टाकायची. फळी सुटल्यावर चारचौघींत हे सांगायलाही तिला भारी आवडायचं. आपलं हे शहाणपण आपल्याच पोरीला भोवेल असं तिला त्या उन्हाळ्यात कोणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

पोरीचं नाव रचना. बारावी सायन्सचे पेपर देऊन ती सीईटीच्या मागे लागली होती. नागपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात लागायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं, आणि ते लागायचं तर गणित तारणार होतं. गणित तिला शिकवत होता तिचा मामा, उमेंद्र. अन्नपूर्णाचा पाठचा भाऊ. गोंदियाच्या एका क्लासमध्ये तो गणिताचा सर होता, आणि पंधरा दिवसांतून एका रविवारी फटफटीवर बसून बहिणीकडे यायचा. त्याचा पोरगा विवेकही त्याच वर्षी त्याच परीक्षेला बसणार होता.

भावाला अन्नपूर्णाने कडेवर वाढवलं होतं, हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. आई धानाच्या रोवणीला जायची, तेव्हा चौथीतून शाळा सोडून हिने त्याला सांभाळलं. पुढे त्याच शाळेत त्याला कडेवर घेऊन गेली, आणि तो आत बसला की स्वतः बाहेर पायरीवर बसायची. म्हाताऱ्या आईचं शेवटचं दुखणंही हिनेच काढलं. उमेंद्र ते विसरला होता असं नाही. दर वेळी आला की म्हणायचा, "बाई, तुही पोट्टी म्हंजे माहीच पोट्टी." अन्नपूर्णाला एवढ्यावर पोट भरल्यासारखं व्हायचं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तो आला, जेवला आणि ओसरीत चटई टाकून रचनाला घेऊन बसला. अन्नपूर्णा दारात सूप घेऊन त्याच्यासाठी लाखोळीची डाळ निवडत होती. गोंदियाच्या दुकानातल्या डाळीला चव नाही, असं तो एकदा म्हणाला होता, तेव्हापासून ती दर वेळी दोन पायली बांधून द्यायची.

"हे पाह्य," उमेंद्र म्हणाला. "हे गनित विवेकले आठ दिवस नाई सुटलं. पूर्न करत बसशील त पान भरंल."

रचनाने वहीवर ओणवं होऊन प्रश्न पाहिला. पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

"क्ष च्या जागी शून्य टाकला त पहिलं आन तिसरं उत्तर उडते, मामा. एक टाकला त चौथं उडते. उरलं दुसरं."

उमेंद्र वहीकडे बघत राहिला. मग त्याने मोबाईलमधलं घड्याळ पाहिलं. अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

"बराबर हाय ना?" रचनाने विचारलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. नंतर उगाच आभाळाकडे पाहत म्हणाला, "ऊन लय झालं, निंगतो आता."

अन्नपूर्णाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निघताना उमेंद्रने रचनाला फाटकाबाहेर बोलावलं आणि फटफटीला टेकून, वाकून, हळू आवाजात बराच वेळ तिला काही समजावलं. रचना मान हलवत होती. भावाचा पोरीवरचा तो जीव बघून अन्नपूर्णाला भरून आलं. तिने सुपातली डाळ पुन्हा एकदा उन्हाकडे धरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मायलेकी जंगलात पोचल्या. रचनाने बापाचा लांब बाह्यांचा शर्ट अंगात चढवला होता आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता.

"तू कायले आलीस वो? घरी बसून अभ्यास कर म्हन्लं ना तुले."

"बसून बसून डोस्कं भनानलं, आई. तोडता तोडता मनात करतो."

पानाच्या चिकाने बोटं काळी होत होती. मुंगळे बाह्यांतून आत शिरत होते. दोघी झुडपामागून झूडप पुढे सरकत होत्या. मग रचना म्हणाली, "आई, तू एक झाड पूर्न खुडत नाई कधी?"

"पूर्न खुडत बसलो त इथंच दुपार होईल. हाताले येते ते घ्याचं आन पुढं चालाचं. फांदी वाकवा लागते ते येताना. शेंड्यावरचं उरलंच त उरलं."

"आमचंबी तसंच हाय. गनिताचे पन्नास प्रश्न आन नव्वद मिनटं. पहिल्या फेरीत हाताले येते ते. दुसऱ्या फेरीत वाकवाचे. तिसऱ्या फेरीत शेंड्यावरचे. मामानं शिकवलं, पन फेऱ्याईले नावं मीनं ठेवले."

अन्नपूर्णा हसली. आपल्या कामासारखं काही त्या पुस्तकांत असेल, हे तिला नवीन होतं.

"आन काही प्रश्न त सोडवाचेच नाईत," रचना रंगात आली. "उत्तरं चार देल्ले राह्यतेत. एकेक घालून पाहाचं."

"चप्पल घालून पाह्यल्यावानी?"

"हो ना. नाई बसली त काढून फेकाची. लांबी वजा येऊच शकत नाई, तरी एक उत्तर वजाचं देल्लं राह्यते. ते पहिले खोडाचं. चारातले दोन त असेच निंगतेत."

"आन मंग उरलेल्या दोनातून?"

रचनाचा हात फांदीवरच थांबला. "तेच त. कॉलेजचे सर म्हनत होते, चुकलं त मार्क कटत नाई, कोनतंबी लावून द्या. मामा म्हनते, या साली नियम बदलला. चुकलं त कटते. शंका आली त सोडून द्याचं."

अन्नपूर्णाने क्षणाचाही विचार केला नाही.

"मामा बराबर सांगते. तुह्या सराईले का माईत, ते इथं बसून हायेत. तो त्याच धंद्यात हाय. शंकेचं पान पुड्यात बांधूच नाई, बाई. एका पानापाई अख्खा पुडा जाते."

रचनाने मान डोलावली. मामा आणि आई, दोघांचं म्हणणं एक निघालं होतं. तिच्या कपाळावरची आठी गेली आणि ती पुढच्या झुडपाकडे वळली. त्या दिवशी दोघींनी मिळून एकशे दहा पुडे बांधले आणि फळीवर एकही उलटला नाही.

परीक्षेच्या दिवशी फळीचं काम बुडवून अन्नपूर्णा रचनाबरोबर अर्जुनीहून गाडीने गोंदियाला गेली. सेंटरच्या फाटकासमोर एका कडुनिंबाखाली पन्नासेक आईबाप बसले होते. कुणी नवीन बूट घातलेले, कुणी मोबाईलवर बोलणारे. अन्नपूर्णाने पदराने बोटांवरचा काळा डाग घासून पाहिला. तो निघत नाही हे तिला माहीत होतं. उमेंद्र चहाच्या टपरीवर उभा होता. त्याने बहिणीला चहा पाजला. दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होता.

पोरं बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रचनाचा चेहरा थकलेला होता, पण डोळे हसत होते.

"गनित?" उमेंद्रने पहिलं तेच विचारलं.

"सदतीस केले, मामा. तेरा सोडले."

"तेरा?"

"दोन-दोन उत्तरापोवत आल्तो. पन शंका होती."

उमेंद्रने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास," तो म्हणाला.

मागून विवेक आला. "तेरा सोडले? अरे, क्यों..." त्याने एवढं म्हटलं आणि उमेंद्रने त्याला मध्येच तोडलं, "जाय, थंड पानी घेऊन ये आत्यासाठी. पयले जाय." विवेक गेला. भावाला आपल्या तहानेची काळजी, असं वाटून अन्नपूर्णा सुखावली. गाडीत रचना आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि अन्नपूर्णा तिची बोटं हातात घेऊन बसली.

निकाल जूनमध्ये आला. वाईट नव्हता, पण रचनाला वाटला होता तेवढा चांगलाही नव्हता. कॉलेज-प्रवेशाची यादी मात्र रोवणीच्या ऐन धांदलीत लागली. अन्नपूर्णा, रचना आणि आणखी नऊ बाया दुसऱ्याच्या बांधीत कमरेतून वाकून रोप लावत होत्या. रचनाचा बाप खेमराज बांधीच्या काठच्या धुऱ्यावरून मोबाईल उंच धरत आला. रेंज फक्त त्या उंच धुऱ्यावरच यायची.

"लागलं का?" अन्नपूर्णाने चिखलातूनच ओरडून विचारलं.

खेमराजने नुसता मोबाईल पुढे केला. रचना हातातली पेंढी तशीच धरून धुऱ्यापाशी गेली आणि चिखलाचं बोट न लावता बापाच्या हातातच यादी पाहिली. नागपूरचं कॉलेज, तिची शाखा, त्यांच्याच प्रवर्गातली यादी. तिथं शेवटचं नाव विवेकचं होतं. मेरिटमध्ये रचना त्याच्या मागे सहा नंबरांनी होती.

"विवेक लागला," ती म्हणाली.

मग ती परत आपल्या जागेवर आली आणि रोप लावायला लागली. ती दिवसभर सगळ्यांच्या पुढे राहिली. तिच्या हाताचा वेग अन्नपूर्णाला बघवेना. घरी आल्यावर पाय धुताना पोरगी रडली, तेही पाण्याचा आवाज होता तोवरच.

उमेंद्रचा फोन आला. "बाई, नशीब म्हनाचं. पोट्टीनं जरा जास्तच सोडले."

"तूच त म्हन्ला होतास ना गा, सोड म्हनून..."

"हॅलो? आवाज नाई येऊन राहिला, बाई," असं म्हणून त्याने फोन ठेवला. अन्नपूर्णाने मोबाईलकडे पाहिलं. पावसाळ्यात रेंज जातेच, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर त्या वेळी पाऊस नव्हता.

रचनाने अर्जुनीला बीएस्सीला नाव घातलं.

रोवणी आटोपली तशी उमेंद्रने गोंदियाला जेवण ठेवलं. विवेकच्या ॲडमिशनचं. सकाळी बुद्धवंदना, मग क्लासची पोरं, त्यांचे आईबाप, खुद्द क्लासचे मालक. अन्नपूर्णा रचनाला घेऊन आदल्या दिवशीच गेली. भावाच्या घरचं काम, मग बोलावण्याची वाट कोण बघतं? जेवणाच्या सकाळी तिने आयुष्यात केला नसेल एवढा मोठा पुऱ्यांचा उंडा मळला आणि मागच्या अंगणात लाटायला बसली. बाजूच्या जिन्यावर रचना प्लेटा पुसत होती. विवेक तिच्यापाशी येऊन बसला. पोरगा मनाने वाईट नव्हता. रचना राहिली याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"एक बोलू? तूनं ते तेरा छोडले कायले पन?"

"शंका होती."

"त का झालं? माह्याकडं सतरा होते. आखरी के दो मिनट में सब 'बी' ठोक दिया. चार-पाच त बसले असतीन."

"मायनस झाले असते त?"

विवेक हसला. "सीईटीत मायनस कुठं राह्यते वो? पप्पानं वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिवलं होतं, 'एक भी खाली नहीं छोड़ना'. तुले नाई सांगतलं?"

रचनाने पुसायचं फडकं खाली ठेवलं. तिने प्लेटांची चवड उचलली आणि ती मांडवाकडे गेली.

अन्नपूर्णाच्या हातातलं बेलणं थांबलं होतं. तेरा प्रश्न. प्रत्येकी दोन उत्तरं उरलेली. हिशेबाला ती कच्ची, पण एवढं तिला कळत होतं की डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी त्यातली सहा तरी बरोबर आली असती. आणि विवेक पुढे होता तो फक्त सहा नंबरांनी. ती उठली. पिठाचे हात तसेच घेऊन ती मांडवात गेली.

उमेंद्र खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून आईबापांना सांगत होता, अमुक मिनिटं अमुक प्रश्नाला, वगैरे. लोक माना डोलवत होते. मालक पहिल्या खुर्चीवर बसले होते.

"उमेंद्र," अन्नपूर्णा म्हणाली, "मलेबी एक सांग. चारातले दोन खोडले, दोन उरले. शंका आली. पोट्टीनं का कराचं?"

काही लोक हसले. सरांची खेड्यातली बहीण गणित विचारते आहे, याची त्यांना गंमत वाटली.

"बाई, तू जेवलीस का पहिले?" उमेंद्र म्हणाला.

"जेवतो. सांग ना."

त्याने मालकांकडे पाहिलं, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोराने उत्साहात सांगून टाकलं, "कुछ भी लगा देने का, मौसी. छोड़ना नहीं."

"तुले कोनं सांगतलं, बेटा?"

"सर ने."

"मंग माह्या पोरीले सोड म्हनून काऊन सांगतलं, उमेंद्र?"

उमेंद्रच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मान लाल झाली. "काही गैरसमज झाला असंल तिचा," तो म्हणाला.

"तेरा प्रश्नाईले तेरा डाव?"

त्याने तिचा दंड धरला आणि तिला घराच्या कोपऱ्याआड नेलं. मालकांपुढं तमाशा नको, असं तो पुटपुटत होता. कोपऱ्याआड आल्यावर त्याने हात सोडला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीला पीठ लागलं होतं. ते तो झटकत राहिला.

"एकाच यादीत होते दोघं, बाई. ती पुढं गेली असती त विवेकचं राह्यलं असतं. तुही हुशार हाय, ती पुढच्या साली कुठंबी लागंल. विवेकले दुसऱ्यांदा नसतं जमलं. मी त्याचा बाप हाओ, मी का करू?"

"आन मी कोन होतो तुही?"

अन्नपूर्णाला वाटलं, आता तरी तो रडेल, पाय धरेल, लहानपणी काही फोडलं की धरायचा तसे. त्याने बाही पुन्हा झटकली आणि म्हणाला, "लोकं वाट पाहून राह्यले. मी येतो." आणि गेला.

तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिने मोरीत हात धुतले, रचनाच्या हातातला वाढपाचा डबा काढून घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "चाल." मामी मागून डबा भरून घेऊन धावत आली. अन्नपूर्णाने तो घेतला नाही. उपाशीपोटी दोघी स्टेशनवर चालत गेल्या.

गाडीत गर्दी नव्हती. खिडकीबाहेर दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या हिरव्यागार पसरल्या होत्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्यासारख्याच बायांनी लावलेल्या. गोंदिया मागे पडलं. मग अन्नपूर्णाचा बांध फुटला.

"मीच म्हन्लो होतो वो तुले. शंकेचं पान बांधू नोको म्हनून. मामा बराबर सांगते म्हनून. मी अडानी बाई, कायले तोंड घातलं त्याच्यात!"

"तुहं नाई काही," रचना म्हणाली. ती खिडकीबाहेरच बघत होती. "आई, पडद्यावर लिवलं होतं."

"का लिवलं होतं?"

"कंप्युटरवर. पेपर सुरू व्हाच्या पहिले सूचना येतेत. चुकीच्या उत्तराले मार्क कटत नाई, असं इंग्रजीत साफ लिवलं होतं. मीनं वाचलं. दोनदा वाचलं."

अन्नपूर्णाने पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं. "मंग काऊन नाई लावले वो?"

"मामानं पहिलेच सांगून ठेवलं होतं. तो रविवारी आल्ता ना, फटफटीजवळ. म्हने, पडद्यावर जुनंच लिवलं राह्यते, बदलत नाई ते. ते वाचून फसशील. म्हने, माह्यावर भरवसा ठेव." रचनाचा आवाज इथवर सरळ होता, आता फाटला. "मंग मीनं पडद्याचं नाई आयकलं, आई. मामाचं आयकलं."

अन्नपूर्णाने तिला जवळ ओढून घेतलं. गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात थांबली आणि पुन्हा सुटली. तिला तो रविवार लख्ख दिसत होता. फटफटीला टेकून, वाकून, तो पोरीच्या कानाशी बोलत होता. पोरगी पडद्यावरचं वाचेल हे त्याला ठाऊक होतं, आणि वाचूनही आपलंच ऐकेल हेही. आणि त्याच वेळी ती दारात सूप घेऊन बसली होती. त्याच्या डाळीत एखादा किडका दाणा जाऊ नये, म्हणून ती पुन्हा पुन्हा उन्हाकडे धरून बघत होती.